फरिदाबादचा धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिबिराच्या संयोजकांनी मला 'विस्थापितांचे पुनर्वसन आणि लोकसंघटना' हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे. मोठ्या विषयावर बोलणाऱ्या वक्त्याची एक सोय असते. त्याला कशावरच नेमके बोलावे लागत नाही. ती सोय मी आज घेणार नाही. एक संघटना आणि तिच्या हातभाराने उभे राहिलेले एक गाव, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. संघटना आहे इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन आणि गाव आहे फरिदाबाद.

माझे शालेय शिक्षण कल्याणला झाले. तेथे 'कॅम्प' ह्या शब्दाचा एकच अर्थ होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराने बांधलेल्या आणि पुढे ओस पडलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवण्यात आले होते. १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्या छावणीचे नाव उल्हासनगर झाले, परंतु आमच्या तोंडी कॅम्प हाच शब्द राहिला. आगगाडीच्या डब्यांत पापड आणि गोळ्या विकणारी सिंधी मुले आमच्याच वयाची होती. त्यांच्या मालावर आम्ही विनोद करीत असू. 'यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तर तुम्हीही ऐकला असेल. घरदार सोडून आलेल्या माणसांनी भीक न मागता पोट भरावे आणि शेजाऱ्यांनी त्याची थट्टा करावी, ह्यात काही गैर आहे असे त्या वयात वाटले नाही. पुढे चळवळीत आल्यावर वाटले. निर्वासितांना सरकारने काय दिले, हे आपल्याकडे पुष्कळ सांगितले जाते. निर्वासितांनी स्वतः काय उभे केले आणि त्यातले किती त्यांच्या हाती राहू दिले गेले, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. आजचे माझे बोलणे त्या प्रश्नाबद्दल आहे.

लोंढा आणि छावणी

१९५१ च्या जनगणनेत भारतात फाळणीमुळे आलेल्या निर्वासितांची संख्या ७२ लाखांहून अधिक नोंदली गेली. पश्चिमेकडून आलेल्यांपैकी फार मोठा लोंढा पंजाब आणि दिल्लीत आला. कुरुक्षेत्राच्या मैदानावर तंबूंचे एक शहरच वसले. एक लाख माणसांसाठी आखलेल्या त्या छावणीत पुढे तीन लाखांपर्यंत माणसे राहिली. दिवसाला २०-२० हजार माणसे येत होती. एवढ्या माणसांना पीठ, डाळ, मीठ आणि पांघरूण पुरवणे हे सोपे काम नव्हते. नव्याने स्वतंत्र झालेल्या आणि तिजोरीत खडखडाट असलेल्या देशाने ते केले, ह्याचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु छावणीचा म्हणून एक रोग असतो. कालपर्यंत जो माणूस दुकान चालवीत होता, शेत कसत होता, मुलीच्या लग्नाची बोलणी करीत होता, तो आज सकाळी थाळी घेऊन रांगेत उभा राहतो. पहिल्या दिवशी त्याला लाज वाटते. महिन्याने सवय होते. सहा महिन्यांनी रांग उशिरा लागली म्हणून तो भांडतो, परंतु रांगेत उभेच का राहावे लागते ह्यावर भांडत नाही. शिधा त्याचे प्राण वाचवतो आणि त्याचे कर्तेपण हिरावून घेतो. हे दानाला विरोध म्हणून मी सांगत नाही. उपाशी माणसापुढे स्वावलंबनाचे व्याख्यान देणारा मनुष्य निर्दय असतो. पण शिधा किती दिवस आणि त्यानंतर काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा लागतो. तो विचारणाऱ्यांमध्ये कमलादेवी चट्टोपाध्याय होत्या.

कमलादेवींची वाट

कमलादेवींची ओळख आपल्या मंडळींना करून द्यावी लागू नये, पण आता द्यावी लागते. आज त्यांचे नाव हातमाग आणि हस्तकला ह्यांच्यापुरते उरले आहे. १९०३ साली मंगळूरला जन्मलेली ही बाई १९३० साली मुंबईत मिठाच्या सत्याग्रहात पुढे होती. १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला तेव्हा त्या त्यात होत्या, आणि १९३६ च्या मेरठ अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या पिढीतील अनेकांसमोर मंत्रिपदाची, राजदूतपदाची दारे उघडली. कमलादेवी निर्वासितांच्या छावण्यांकडे वळल्या.

१९४८ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी मार्चमध्ये नाशिकला समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी कमलादेवींनी इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन ही संस्था स्थापन केली. एकीकडे पक्ष सत्तेपासून वेगळा होऊन राजकारणाची नवी वाट शोधत होता. दुसरीकडे त्याच पक्षातली एक नेती सत्तेच्या दारी न जाता समाजरचनेचे काम हाती घेत होती. ह्या दोन वाटा एकमेकींना समांतर गेल्या, हे आपले दुर्दैव. त्यांचे मिलन का झाले नाही, त्याकडे मी शेवटी येईन.

युनियनची कल्पना साधी होती. निर्वासित म्हणजे ओझे नव्हे. त्यांच्याजवळ हात आहेत, कसब आहे, आणि एकमेकांची ओळख आहे. नाही ते भांडवल, जागा, आणि बाजारात उभे राहण्याची ताकद. एकट्या माणसाला ह्या तिन्ही गोष्टी मिळणार नाहीत. दहा-वीस माणसांच्या सहकारी संस्थेला त्या मिळू शकतील. म्हणून आधी माणसे एकत्र बांधायची, मग काम शोधायचे, मग त्या कामासाठी सरकारकडून किंवा बँकेकडून जे हवे ते हक्काने मागायचे. क्रम असा होता. सरकारी पुनर्वसनाचा क्रम नेमका उलटा असतो. तेथे आधी योजना येते, मग इमारत, मग यादी, आणि सर्वांत शेवटी माणूस.

कमलादेवींच्या हाताशी काही तरुण आले. त्यांतले लक्ष्मीचंद जैन हे पुढे फार मोठ्या योग्यतेला पोहोचले. १९४७ साली ते जेमतेम बावीस वर्षांचे होते आणि दिल्लीच्या किंग्जवे भागातील हडसन लाइन्स छावणीचे काम पाहत होते. छावणीचे दुखणे त्यांनी आतून पाहिले होते. दिल्लीजवळ मेहरौलीच्या बाजूला छतरपूर येथे शेतकरी निर्वासितांना जमिनीवर बसवून सहकारी शेतीचा प्रयोग युनियनने केला, त्यात ते होते, आणि त्यानंतर ते फरिदाबादला गेले. १९८९ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९८ साली त्यांनी फरिदाबादच्या हकिकतीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच त्या गावाला 'आशेचे शहर' म्हटले.

एकत्र राहण्याचा हट्ट

फरिदाबादला वसलेले निर्वासित वायव्य सरहद्द प्रांतातले होते. बन्नू, डेरा इस्माईलखान, कोहाट, पेशावर अशा गावांतले हे हिंदू आणि शीख. पठाणांच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेले, त्यांच्यासारखाच पोशाख करणारे, त्यांच्यासारखेच हट्टी. बहुतेकांचा धंदा दुकानदारीचा आणि व्यापाराचा. त्यांच्यापैकी काही जण खान अब्दुल गफारखानांच्या खुदाई खिदमतगार चळवळीत काम केलेले होते. म्हणजे सत्याग्रह म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

ह्या लोकांची एकच मागणी होती : आम्हाला एकत्र राहू द्या. सरकारी यंत्रणेला ही मागणी विचित्र वाटली. निरनिराळ्या जिल्ह्यांत जागा मिळेल तशी कुटुंबे पाठवावीत, हा कारकुनी हिशोब. पण विचार करा. घर गेले, दुकान गेले, देवळे आणि गुरुद्वारे गेली, जन्मभूमीचे नावही परक्या देशाच्या नकाशात गेले. मग माणसापाशी उरले काय? बोली उरली, शेजारी उरला, उधारीवर विश्वास ठेवणारा ओळखीचा माणूस उरला. तेही विखरून टाकले तर माणूस पुन्हा उभा कशाच्या आधारावर राहील? आपल्याकडे कोयना धरणाखाली ज्यांची गावे गेली त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. एका गावची वस्ती चार ठिकाणी फुटली की भावकी तुटते, सोयरीक तुटते, अडीनडीला धावून येणारे माणूस तुटते. नुकसानभरपाईच्या तक्त्यात ह्यांतल्या कशालाच रकाना नसतो.

सरहद्दीचे हे लोक दिल्लीला आले आणि त्यांनी धरणे धरले. शेवटी दिल्लीच्या दक्षिणेला फरिदाबाद ह्या जुन्या गावाजवळ नवी वसाहत उभारून त्यांना एकत्र वसवायचे, असा निर्णय १९४९ साली झाला. त्यासाठी फरिदाबाद विकास मंडळ स्थापन झाले. राजेंद्रप्रसाद त्याचे पहिले अध्यक्ष, त्यांच्यानंतर हृदयनाथ कुंझरू आले. पंतप्रधान नेहरू ह्या मंडळाच्या बैठकांना स्वतः हजर राहत. ४०-५० हजार माणसांच्या वसाहतीसाठी देशाचा पंतप्रधान बैठकीला येऊन बसतो, ही गोष्ट अपूर्वच होती. तिचा फायदा काय झाला आणि तोटा काय झाला, हे पुढे सांगतो.

आपली घरे आपण

मंडळाचे मुख्य प्रशासक होते सुधीर घोष. गांधीजींचे निकटवर्ती, १९४६ साली ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या शिष्टमंडळाशी झालेल्या बोलण्यांत गांधीजींनी त्यांचा दूत म्हणून उपयोग करून घेतला होता. घोष आणि युनियनचे कार्यकर्ते ह्यांचे म्हणणे असे की वसाहतीतील घरे निर्वासितांनीच बांधावीत. त्यांना मजुरी मिळेल, कसब मिळेल, आणि आपल्या हाताने बांधलेल्या घरात राहण्याचा अभिमानही मिळेल. सरकारी बांधकाम खात्याला हे मान्य नव्हते. दुकानदार काय घरे बांधणार? शिवाय ठेकेदार होते, त्यांच्या निविदा होत्या, आणि निविदांभोवती जे जे असते ते सगळे होते.

निर्वासितांनी पुन्हा सत्याग्रहाचे शस्त्र काढले आणि थेट पंतप्रधानांच्या घराला वेढा दिला. ह्या वेळी त्यांची मागणी काय होती हे नीट ऐका. अधिक शिधा नको, अधिक अनुदान नको. काम द्या, आणि ते ठेकेदाराला न देता आम्हाला द्या. नेहरू प्रथम वैतागले, पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे त्यांना पटले. तडजोड झाली. काही घरे निर्वासितांनी बांधावीत, उरलेली खात्याने. कालपर्यंत तागडी धरणारे हात थापी धरू लागले. युनियनने त्यांच्या सहकारी संस्था बांधल्या. बांधकामाच्या जोडीने दुकाने आणि लहान उत्पादक उद्योग ह्यांचेही गट उभे केले.

विजेची गोष्ट तर शाळेच्या पुस्तकात असावी अशी आहे. वसाहतीला आणि तिच्या उद्योगांना वीज हवी होती. युद्धातल्या पराभवाची भरपाई म्हणून जर्मनीकडून आलेली डिझेलवर चालणारी वीजयंत्रे कलकत्त्यात पडून होती. घोषांनी त्यांतले एक मिळवले. यंत्र आले, पण ते बसवणार कोण? हे यंत्र मूळ जर्मनीत हँबुर्गला ज्याने बसवले होते त्या जर्मन अभियंत्याचा शोध लावून त्याला बोलावण्यात आले. त्याने आल्या आल्या अवजड यारी मागितल्या. त्या कोठून आणायच्या? तेव्हा त्या अभियंत्याने निर्वासितांनाच हाताशी धरले, शिकवले, आणि माणसांच्या बळावर ते धूड इंच इंच उचलत जागेवर बसवले. दहा महिन्यांत वीजघर तयार झाले. १९५१ साली नेहरूंनी येऊन कळ दाबली आणि वसाहतीत दिवे लागले. जे लोक तीन वर्षांपूर्वी अंगावरच्या वस्त्रांनिशी आले होते, त्यांनी स्वतः बसवलेल्या यंत्राचा तो उजेड होता.

ह्या गावाचा महाराष्ट्राशीही एक धागा आहे. मुलांच्या शिक्षणासाठी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून आशादेवी आर्यनायकम् फरिदाबादला आल्या आणि नयी तालीमच्या पद्धतीने तेथील शाळा चालवण्याचा प्रयत्न झाला. हात आणि डोके ह्यांची फारकत न करणारे शिक्षण, आणि तेही जेथे आई-बाप स्वतः वीट रचीत आहेत अशा गावात! नयी तालीमला ह्याहून योग्य भूमी कोठे मिळाली असती? रोगी पडण्याची वाट न पाहता घरोघरच्या आरोग्याची काळजी घेणारी व्यवस्था, नळ, रस्ते, एकापासून पाचापर्यंत क्रमांक दिलेल्या वस्त्या, अशी आखणी झाली. इस्पितळ उभे राहिले. त्याला लोकांनी आपल्या जुन्या नेत्याचे, बादशाह खानांचे, नाव दिले.

ओहोटी

आता ह्या कथेचा दुसरा भाग. तो सांगितला नाही तर व्याख्यान गोड होईल, पण खरे होणार नाही.

मंडळाची स्वायत्तता फार काळ टिकली नाही. पुनर्वसन मंत्रालयाने हळूहळू सूत्रे आपल्याकडे घेतली. घोष गेले. सहकारी संस्थांच्या हातचे काम आटत गेले, नयी तालीमच्या शाळा सरकारी साच्यात बसवल्या गेल्या, आणि फरिदाबाद हे खासगी कारखानदारीचे गाव म्हणून वाढू लागले. आज राजधानीच्या परिसरातले ते एक मोठे औद्योगिक शहर आहे. निर्वासितांची मुले-नातवंडे त्यात सुस्थितीत आहेत. त्या अर्थाने पुनर्वसन झाले, ह्यात संशय नाही. जे घडायचे होते आणि घडले नाही ते वेगळेच. कामगारांच्या मालकीचे, स्वतःचा कारभार स्वतः पाहणारे गाव हा तो प्रयोग. तो मोडला, आणि ज्यांनी मोडला त्यांना आपण काही मोडतो आहोत ह्याची जाणीवही नव्हती.

असे का झाले? नोकरशाही वाईट म्हणून, असे सोपे उत्तर आपण देतो. ते पुरेसे नाही. नोकरशाही नेहमीच तशी असते. तिला आपल्या हातातून सुटलेली गोष्ट सहन होत नाही. पण ती पहिल्या दोन वर्षांत जिंकू शकली नाही आणि नंतर जिंकली, हे कसे? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण, प्रयोगाचा आधार संस्थेपेक्षा व्यक्तीवर अधिक होता. नेहरू बैठकीला येत म्हणून फाइल हलत असे. पंतप्रधान दुसऱ्या कामात गुंतले की फाइल पुन्हा आपल्या जागी जाऊन बसे. मोठ्या माणसाच्या लोभाने जे मिळते ते त्याचे लक्ष ढळले की जाते. लोकांना त्यावर कायद्याचा हक्क मिळाला नव्हता.

दुसरे कारण मालकीचे. सहकारी संस्थांना काम होते, पण मंडळ सरकारचे होते, आणि मंडळाजवळ जे होते तेही सरकारचेच होते. ज्यांनी यंत्र बसवले ते त्या यंत्राचे धनी नव्हते. श्रम आपला आणि सातबारा दुसऱ्याचा, अशी ही स्थिती. आपण समाजवादी मालकीच्या प्रश्नावर एवढे बोलतो, पण विधायक कामात उतरलो की तो प्रश्न विसरतो. जणू सद्‌भावनेने मालकीचा प्रश्न सुटतो!

तिसरे कारण बोलणे अवघड आहे, कारण ते आपल्या घरातले आहे. निर्वासितांनी पहिल्या दोन लढाया जिंकल्या त्या धरणे धरून, वेढा देऊन. एकत्र वसण्याचा हक्क सत्याग्रहाने मिळाला. घरे बांधण्याचा हक्क सत्याग्रहाने मिळाला. पुढे रचनेचे काम सुरू झाले आणि संघर्ष थांबला. सगळे विटा रचण्यात गुंतले. जेव्हा मंत्रालयाने एकेक गोष्ट काढून घ्यायला सुरुवात केली तेव्हा वेढा द्यायला कोणी उरले नव्हते. त्या वेळी आपला पक्ष कोठे होता? १९५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या तयारीत होता, मग तिच्यातल्या पराभवाच्या दुःखात होता, मग विलीनीकरणाच्या वाटाघाटीत होता. फरिदाबादचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे आपल्याला वाटले नाही. ते कमलादेवींचे 'समाजकार्य' आहे असे आपण मानले. आणि कमलादेवीही पक्षीय राजकारणापासून दूर गेल्या. १९५२ साली त्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या अध्यक्ष झाल्या आणि देशभरच्या कारागिरांसाठी त्यांनी जे केले ते अमोल आहे. युनियननेही त्याच वर्षी दिल्लीचे कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम चालवायला घेतले आणि ते नावारूपाला आणले. १९६४ पर्यंत ते युनियनकडे होते. पुढे त्याचे सरकारी महामंडळ झाले. पाहा, येथेही कथा तीच. लोकसंस्थेने वाढवायचे आणि सरकारने घ्यायचे.

डॉक्टर लोहियांनी फावडे, तुरुंग आणि मतपेटी ही तीन प्रतीके एकत्र सांगितली. ती एकत्र सांगितली, हे महत्त्वाचे. आपण त्यांची वाटणी करून टाकली. फावडे सेवाभावी लोकांना दिले, तुरुंग तरुणांना दिला आणि मतपेटी पुढाऱ्यांनी ठेवून घेतली. फरिदाबादला जोवर फावडे आणि तुरुंगाची तयारी एकाच माणसाच्या ठिकाणी होती तोवर मंत्रालय हरत होते. ती वेगळी झाली त्या दिवशी मंत्रालय जिंकले.

पूर्वेची आठवण

फरिदाबादचे भाग्य तरी बरे म्हणायचे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना तेवढेही मिळाले नाही. त्यांच्यापैकी अनेकांना, विशेषतः दलित जातींतल्या गरीब शेतकऱ्यांना, आपल्या मुलखापासून शेकडो मैल दूर, १९५८ साली सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पात ओरिसा आणि मध्य प्रदेशाच्या जंगलांत पाठवण्यात आले. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या भागातही बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. पाण्याच्या मुलखातले भातशेती करणारे आणि मासे धरणारे हे लोक. त्यांना कोरड्या माळावर बसवताना कोणी विचारले नाही. १९७८ साली त्यांच्यातले हजारो लोक दंडकारण्य सोडून सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर गेले. तेथे त्यांनी स्वतःची समिती केली, बांध घातले, शाळा काढली, धंदे सुरू केले. सरकारकडे त्यांनी फक्त राहू देण्याची परवानगी मागितली. १९७९ साली पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडीच्या सरकारने आधी त्यांची नाकेबंदी केली आणि मग पोलिस बळाने त्यांना तेथून हुसकले. माणसे मेली. किती मेली ह्याचा वाद अजून मिटलेला नाही.

मरिचझापी आणि फरिदाबाद ही नावे मी शेजारी ठेवतो ती मुद्दाम. एका ठिकाणी उदारमतवादी पंतप्रधान होते, दुसऱ्या ठिकाणी स्वतःला गरिबांचे म्हणवणारे सरकार होते. एका ठिकाणी लोकांचे कर्तेपण हळूहळू विरले, दुसऱ्या ठिकाणी ते गोळीने चिरडले. प्रमाणात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो मी पुसत नाही. पण मुळाशी एकच वृत्ती आहे. विस्थापित माणसाने उपकृत व्हावे, कृतज्ञ असावे, सांगितलेल्या जागी बसावे. त्याने स्वतः ठरवू लागणे हा गुन्हा. ही वृत्ती राज्यकर्त्यांच्या रंगावर अवलंबून नसते. उद्या आपण सत्तेवर आलो तर ती आपल्यातही येईल, ह्याचे भान ठेवा.

आपले काम

मग ह्यातून कार्यकर्त्याने घ्यायचे काय?

पहिली गोष्ट, एकत्र राहण्याच्या हक्काला मागण्यांच्या यादीत पहिले स्थान द्या. आपल्या राज्यात धरणग्रस्तांच्या चळवळीने, बाबा आढावांसारख्यांच्या नेतृत्वाखाली, 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा दिली आणि १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा होण्याइतके बळ निर्माण केले. त्या कायद्याच्या अंमलबजावणीची रड अजून संपलेली नाही. पण जेथे गावे एकजुटीने उठली आणि एकत्र वसली तेथे पुढची भांडणेही ती भांडू शकली. जेथे गाव फुटले तेथे माणूस एकटा कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिला.

दुसरी गोष्ट, जे लोक उभे करतील त्याची मालकी लोकांच्या संस्थेच्या नावे, कागदावर, करून घ्या. ह्यात कोणाचा अविश्वास करण्याचा प्रश्न नाही. चांगला अधिकारी बदलून जातो, कागद राहतो.

तिसरी गोष्ट, निर्वासित आणि स्थलांतरित ह्यांच्यात आपल्या मनाने भिंत घालू नका. सीमा ओलांडून आलेला निर्वासित आणि पोटासाठी मराठवाड्यातून वा बिहारमधून आलेला मजूर, दोघांनाही नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी हवे असते ते एकच : ओळख असलेले माणूस आणि विश्वासाने जाता येईल असे एक दार. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे कोणाला आसरा मिळेल आणि कोणाला हाकलले जाईल हे त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर ठरते, आणि ती मर्जी धर्म पाहून ठरू लागली की काय होते हे आपण पाहत आहोत. २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर आपल्याच देशात निर्वासित होऊन महामार्गांवरून चालत निघाले. स्थलांतरित कामगारांचा १९७९ सालचा कायदा तेव्हा पुस्तकात होता. रस्त्यावर भाकरी घेऊन उभे राहिले ते गावोगावचे लोक आणि लहान लहान संस्था. त्या आठवड्यांत आपल्यापैकी अनेकांनी काम केले, ते मी पाहिले आहे. मग प्रश्न असा, की त्या रस्त्यावरच्या माणसांची एक तरी संघटना त्यानंतर आपण उभी केली का? भाकरी दिली आणि घरी आलो. कमलादेवींनी भाकरीनंतरचा प्रश्न विचारला होता. आपण तो विचारला नाही.

शेवटी एक लहानशी गोष्ट सांगतो आणि थांबतो. फरिदाबादच्या ज्या इस्पितळाला निर्वासितांनी बादशाह खानांचे नाव दिले होते, ते नाव बदलण्याचा निर्णय २०२० च्या डिसेंबरमध्ये हरियाणा सरकारने घेतला. त्याऐवजी माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचे नाव देण्यात आले. वाजपेयींचा अनादर करण्याचे कारण नाही, त्यांच्या नावे नवे इस्पितळ खुशाल बांधावे. पण पाकिस्तानातून घरदार गमावून आलेल्या हिंदू आणि शीख निर्वासितांनी आपल्या इस्पितळाला एका पठाण मुसलमानाचे नाव दिले होते. सूड आणि द्वेष ह्यांचे कारण ज्यांच्यापाशी सर्वांत अधिक होते त्यांनी ते केले होते. त्या नावात त्यांचा सगळा इतिहास होता. कोठून आलो, कोणाच्या हाताखाली शिकलो आणि माणसे म्हणून कसे राहिलो, हे सगळे. ते नाव बदलले तेव्हा वसाहतीतल्या जुन्या लोकांनी विरोध केला. बांधलेले गाव हातून गेले तेव्हा त्यांच्या बाजूने आपण उभे राहिलो नव्हतो. नाव गेले तेव्हाही, खरे सांगायचे तर, फारसे राहिलो नाही.

पुढच्या शिबिराला येताना तुमच्या तालुक्यात बाहेरून येऊन राहिलेल्या एका वस्तीची माहिती घेऊन या. ती माणसे कोठून आली, कोणाला ओळखतात, कोणावर विसंबून आहेत, आणि त्यांची स्वतःची म्हणून एखादी संस्था आहे का, एवढेच विचारा. संस्था नसेल तर आपल्या कामाला तेथून सुरुवात करता येईल.